नातेवाईकांचं बाकडं

पेणमधल्या गणपतींच्या एका लहान कारखान्याच्या मालकीणबाई यंदा आषाढात, एका मंगळवारी दुपारी वारल्या. जेवण झाल्यावर त्या नेहमीप्रमाणे कारखान्यातच, रंगाच्या डब्यांशेजारी चटई टाकून आडव्या झाल्या होत्या. चहा आला तेव्हा उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका हे कारण सांगितलं. त्या वेळी कामावर असलेल्यांपैकी बहुतेकांना ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही, एकीला काठीशिवाय चालता येत नाही. चहा घेऊन बाईंना उठवायला गेली ती माझी धाकटी बहीण रेश्मा. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एका दैनिकात चार ओळींची बातमी आली. तिच्यात बाईंचा उल्लेख 'दिव्यांगांचा आधारवड' असा होता. वय चुकलं होतं. त्याच दैनिकाची रोह्याची वार्ताहर म्हणून मी काही वर्षं काम केलं आहे. मजकूर थोडा आणि वेळ कमी असला की आधारवड हा शब्द येतो. बाईंनी तो अंक पाहिला असता तर घडी करून एखाद्या डुगडुगत्या पाटाखाली घातला असता. माझ्या एका लेखाचं त्यांनी तसंच केलं होतं.

सगळे त्यांना आत्या म्हणत. कोणाच्या आत्या, ते कोणाला सांगता येत नसे. त्यांच्या वडिलांचा पेणमध्ये मोठा कारखाना होता. तो भावांकडे गेला आणि वडिलांचा हात तेवढा हिच्याकडे आला, असं पेणचे जुने मूर्तिकार म्हणतात. त्यांनी लग्न का केलं नाही, याबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी मी ऐकल्या. एकीलाही दुजोरा मिळाला नाही. साडीवर त्या पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि अंबाड्यात एक बारीक ब्रश खोचून ठेवत. तो ब्रश त्या कामाला वापरत नसत. कामाचे ब्रश वेगळे होते.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती रेश्माला घेऊन. रेश्मा तेव्हा रोह्याजवळच्या अष्टमी गावी, आमच्या घरी साड्यांना फॉल लावत असे. पेणमध्ये मुक्या-बहिऱ्यांना काम देणारी एक बाई आहे, एवढंच मला कळलं होतं. आम्ही दारात उभ्या राहिलो. मी नाव सांगितलं, बहिणीचं नाव सांगितलं, तिला काय येतं ते सांगायला सुरुवात केली. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या रेश्माकडे बघत होत्या.

"हिला सांगू दे," त्या म्हणाल्या.

"तिला बोलता येत नाही."

"ते मला दिसतंय. तू कोण?"

"मी बहीण. तिचं सगळं मीच..."

"मग तू त्या तिकडे."

त्यांनी बोट दाखवलं तिथे फणसाखाली एक लाकडी बाकडं होतं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी जाऊन बसले. ते म्हणाले, "मुलगा आत हाय. मी गडबचा. हे नातेवाईकांचं बाकडं."

कारखान्यात कामगारांच्या नातेवाइकांना प्रवेश नव्हता. व्यापारी आत जात, दूधवाला आत जाई, मांजरी आत जात. आई, बाप, भाऊ, बहीण यांनी बाकड्यावर बसायचं. याचं कारण आत्या एका वाक्यात सांगत: "काम आत चालतं, काळजी बाहेर." बाकड्यावरून समोरची मोठी खिडकी दिसे, आणि खिडकीतून आतलं जवळजवळ सगळं. फक्त ऐकू काही येत नसे, कारण आत रेडिओ मोठ्याने लावलेला असे. बहुतेकांना ऐकू येत नसताना रेडिओ कशाला, असं मी पुढे एकदा विचारलं. आत्या म्हणाल्या, "दत्तारामला येतं ना. मला येतं. त्यांना येत नाय म्हणून आम्ही काय सुतकात बसायचं?"

त्या पहिल्या दिवशी मी खिडकीतून जे पाहिलं ते असं: आत्यांनी रेश्मापुढे मातीचा एक मोडका उंदीर ठेवला. कान तुटलेला, शेपूट गेलेली. मग त्या स्वतः खाली बसल्या, दोन्ही हात कानांशी नेऊन हलवले आणि तोंड वेडंवाकडं केलं. रेश्मा हसली. घरी ती हसते तेव्हा तोंडावर हात धरते. तिथे तिने हात धरला नाही. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती हातांना माती लागलेली, आणि मला तिने खूण केली: उद्यापासून.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

कारखान्यात अपंगच का घेतले, हे लोकांना जाणून घ्यायचं असे. घरात कोणी तसं होतं, असा सर्वसाधारण समज होता. मी लेख लिहिताना विचारलं, की तुमचे धाकटे भाऊ बहिरे होते असं म्हणतात, ते खरं का?

"माझा भाऊ?" आत्या म्हणाल्या. "त्याला चांगलं ऐकू यायचं. ऐकायचा आणि करायचा नाय."

"मग ही सगळी माणसं?"

"धडधाकट सगळे कंपनीत गेले. शिफ्ट हाय, बस हाय, कॅन्टीन हाय. माझ्याकडे कोण येणार प्लास्टर खायला? मग घराघरात जी बसवून ठेवलेली होती ती आणली. बसून राहायची सवय त्यांना आधीच होती. या धंद्यात अर्धं काम बसूनच हाय."

हे उत्तर छापायला जमणारं नव्हतं. मी ते गाळलं. लेखाला उपसंपादकांनी मथळा दिला: 'अपंगत्वावर केली मात'. आठवड्याने मी पेणला गेले तर खिडकीतून तो अंक घडी करून एका पाटाखाली सारलेला दिसला, मथळ्याची बाजू वर. आत्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "ये गो पेपरवाली. कोणी कोणावर मात केली ते जरा सांग. इथे फक्त माझ्यावर करतात. सकाळी चहा थंड, दुपारी पंखा फिरत नाय, संध्याकाळी लवकर सोडा." हे बोलताना त्या हातांनी तेच सांगत होत्या, सगळ्यांना कळावं म्हणून. आतली सगळी हसली. रेश्माही हसली. ती माझ्याकडे बघून हसत होती असं मला वाटलं. याला पुरावा नाही.

मदतीबद्दल त्यांचा एक नियम होता. मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. खांब गावची सलमा तिथे कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायची. एका पायाला पोलिओ, काखेत काठी. पावसाळ्यात एकदा ती उंबऱ्यावर घसरून आडवी झाली. मी बाकड्यावरून धावले.

"बस खाली," आत्या आतून ओरडल्या. "तिने मागितला का हात?"

सलमा चिखलात बसून म्हणाली, "मागतेय ना! मघापासून मागतेय! द्या की कुणीतरी, का आता मुहूर्त बघायचाय?"

तेव्हा आत्या उठल्या आणि हात दिला. उठवताना म्हणाल्या, "मोठ्याने मागत जा. आम्ही सगळे बहिरे."

पनवेलकडच्या एका मंडळाचे लोक दरवर्षी फळांच्या करंड्या आणि बॅनर घेऊन येत. आत्या फळं ठेवून घेत आणि प्रत्येकाच्या हातात पॉलिश पेपर देत. "आलात तर हाताला काम घ्या." फोटो त्यानंतर. एका वर्षी, सलमाच्या सांगण्यानुसार, त्यांच्यातल्या एका बाईंनी दत्तारामकडे पाहून हळहळत विचारलं, की दृष्टी नाही म्हटल्यावर यांच्या बोटांना मूर्तीचा प्रत्येक कण जाणवत असेल ना? दत्ताराम म्हणजे बाकड्यावर भेटलेल्या त्या गडबच्या म्हाताऱ्यांचा मुलगा.

"याच्या?" आत्या म्हणाल्या. "लाकडं हायत नुसती. याने घासलेल्या गणपतीचं गंडस्थळ बघाल तर नारळ वाटेल."

दत्ताराम म्हणाला, "आत्या, पाहुण्यांसमोर तरी."

दत्तारामकडे टेलिफोन होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी भाव ठरवायचं काम त्याचं. त्याला त्या कामाला लावण्याचं कारण आत्या असं देत, की व्यापारी दुसऱ्या कारखान्याचे फोटो मोबाइलवर दाखवून भाव पाडतात. याला काही दाखवताच येत नाय.

कारखान्यातली प्रत्येक गोष्ट बसण्याच्या जागेवर ठरे. नऊ वर्षांत जी एक चूक पेणभर बोलली गेली, तीही बसण्याच्या जागेमुळेच झाली.

मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात. पेणचं नाव त्या आखणीवर आहे. साचा कोणीही आणतो, रंग कोणीही मारतो. डोळे आखणारा माणूस कारखान्यात एखादाच असतो आणि तो शिकवतो ते बहुधा घरातल्याच कोणाला. शिकणारा गुरूच्या शेजारी, उजव्या अंगाला बसतो आणि हात बघतो. आत्यांनी दुसऱ्या वर्षी रेश्माला आखणीला घेतलं तेव्हा शेजारी बसून जमेना. आत्या बोलायच्या त्या तोंडाने, भुवयांनी आणि डाव्या हाताने. बाजूने ते दिसत नाही. म्हणून त्यांनी रेश्माला समोर बसवलं. प्रत्येकीपुढे आपापला मुखवटा, आत्यांचा हात चालेल तसा रेश्माचा चालायचा. वर्षभर दोघी अशा समोरासमोर बसत होत्या. मी शनिवारी रेश्माला न्यायला जायची तेव्हा खिडकीतून हेच दिसे: दोन डोकी, मध्ये हातभर अंतर. आत्यांची भुवई वर गेली की रेश्माची वर जाई.

रेश्माला पहिली रेघ मी मारायला शिकवली, आमच्या ओट्यावर, पाटीवर. शाळेत तिला घेत नव्हते तेव्हा. हे कोणत्याही बातमीत आलेलं नाही.

आत्यांच्या वडिलांच्या हाताची एक खोड होती. त्यांच्या गणपतीची नजर अगदी समोर नसे. आशीर्वाद देणाऱ्या उजव्या हाताकडे किंचित कललेली असे. आत्यांच्या हातात ती तशीच आली होती. जाणकार त्यावरून मूर्ती ओळखत. रेश्माला पहिल्यांदा खऱ्या मूर्ती आखायला दिल्या त्या वर्षी, हंगामाच्या घाईत, तिने एक फळीभर गणपती आखले. रात्री सुकायला ठेवताना त्या फळीशेजारी आत्यांची फळी आली. सकाळी सलमा आली, फळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, हे एकमेकांकडे बघतायत."

खरंच बघत होते. आत्यांचा हात दाराच्या बाजूला वळे, म्हणून रेश्माचाही दाराच्या बाजूला वळला होता. समोर बसलेल्या माणसाला ती बाजू उलटी पडते. आत्यांचे गणपती आशीर्वादाच्या हाताकडे बघत होते, रेश्माचे डाव्या हातातल्या मोदकाकडे.

हे रेश्माने मला घरी सांगितलं नाही. मला दत्तारामच्या वडिलांकडून कळलं. मी दुसऱ्याच दिवशी पेण गाठलं. माझा अंदाज होता की तिला काढून टाकतील. बाकड्यावर बसले तेव्हा दादरचा व्यापारी आत होता, ज्याचा तो माल होता. त्या दिवशी वीज गेल्यामुळे रेडिओ बंद होता, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"हे काय हो आत्या? नजर चुकली याची," तो म्हणाला. "हा तुमच्याकडचा वाटतच नाही."

दत्ताराम बोलला. "शेठ, कुठे बघतोय तो?"

"मोदकाकडे."

"मग बरोबर हाय. भूक लागली त्याला. पेण ते दादर हायवेने किती वेळ लागतो तुम्हाला?"

"अरे, पण नजर..."

"शेठ, तुम्ही सकाळपासून कुठे बघताय? समोर वडापाव ठेवलाय सलमाने. मला वास येतोय, तुम्हाला दिसतोय. एकदा तरी आत्यांच्या तोंडाकडे बघितलंत का?"

व्यापारी हसला. माल घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याने फोनवर मागणी नोंदवली ती 'मोदकाकडे बघणारे' अशी. लहान मुलांना ते आवडले होते.

तो गेल्यावर जे झालं ते खिडकीतून दिसलं. आत्या उठल्या. रेश्मा भिंतीशी उभी होती. आत्यांनी सगळ्यांना हाताने सांगितलं, तोंडानेही सांगितलं: "चूक माझी. समोर मी बसवली हिला. आता हा हिचा हात झाला. कोणी सुधारायचा नाय." मग त्यांनी अंबाड्यातला तो न वापरलेला ब्रश काढला आणि रेश्माच्या केसांत खोचला. नंतर सलमाने सांगितलं, की तो आत्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेला होता. रेश्मा बाहेर आली तेव्हा मी तिला खुणेने विचारलं, घाबरली होतीस का? ती म्हणाली, नाही, भूक लागली होती. आणि खिडकीकडे बघून परत हसली. आतून दोघातिघांनी तीच खूण करून दाखवली. भूक ही खूण त्या दिवसानंतर त्यांच्यात आणखी काहीतरी सांगत असे. काय, ते मला सांगितलं गेलं नाही.

रेश्माच्या आणि माझ्या खुणा आम्ही दोघींनी लहानपणी केलेल्या. त्या आई सोडून दुसऱ्या कोणाला कळत नसत. पाच-सहा वर्षं तर तिला जगाशी जे बोलायचं ते माझ्यातून जात होतं: दवाखाना, दुकान, शिंपी, एसटीचा कंडक्टर. कारखान्यात गेल्यावर तिच्या हातांत नव्या खुणा आल्या, वेगाने आल्या. जेवताना ती डोक्यामागे बोट खोचल्यासारखं करायची. ब्रश. म्हणजे आत्या. ती खूण एवढ्या वेळा यायची, की आई भात वाढता वाढता स्वतः ती करून विचारू लागली: आज काय म्हणाल्या? मला कारखान्यात काय म्हणतात, हे मी एकदा विचारलं. रेश्माने मनगटावर दोन बोटं आपटली. घड्याळ. मी बाकड्यावर बसून सारखी घड्याळ बघते म्हणून.

तिसऱ्या वर्षापासून ती पेणमध्येच सलमाबरोबर खोली घेऊन राहू लागली. शनिवारी घरी यायची. पुढे हंगामात तेही राहिलं.

आत्या आमच्या घरी एकदाच आल्या. आमचा दीड दिवसांचा गणपती त्या वर्षी स्वतः टेम्पोत मांडीवर घेऊन आल्या. आईने पातोळ्या केल्या होत्या. आत्यांनी खाल्ल्या, आईला म्हणाल्या, "पोरगी तुझी चांगली हाय. भांडकुदळ हाय." आई खूश झाली. रेश्माबद्दल असं आमच्याकडे कधी कोणी म्हटलं नव्हतं. मग रेश्मा मला काहीतरी सांगत असताना तिने मनगट फिरवलं. आत्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. आमच्या जुन्या दाराला एक मोठं पितळी कुलूप होतं. ते उघडताना मनगट पूर्ण फिरवावं लागे. ते फिरवणं म्हणजे घर.

"झकास हाय," आत्या म्हणाल्या आणि दोनतीनदा मनगट फिरवून पाहिलं. पुढच्या वेळी मी पेणला गेले तर कारखान्यातली सगळी माणसं सुटायच्या वेळी मनगटं फिरवत होती. घरी, घरी, घरी. ती खूण आमच्या ओट्यावर तयार झालेली होती. मी आत्यांना तसं म्हटलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "परत हवीय का तुला?"

चार वर्षांपूर्वी धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला जागा निघाली. ओळखीने मी रेश्मासाठी शब्द टाकला आणि तो मान्य झाला. कायम नोकरी, अष्टमीहून जायला-यायला गाडी, रोज संध्याकाळी घरी. मी ते सांगायला पेणला गेले. त्या दिवशी आत्यांनी मला आत बोलावलं. आत जाण्याची ती माझी पहिली वेळ.

"मला काय सांगतेस? तिला विचार," त्या म्हणाल्या. "आणि मी तोंड फिरवून बसते. नायतर म्हणशील, भुवई उडवली."

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी रेश्माला सगळं सांगितलं. तिने तीन गोष्टी विचारल्या. तिथे काय आखायचं? मी म्हटलं, खोकी भरायची. तिथे हाताने बोलणारं कोणी आहे? मी म्हटलं, नाही, पण शिकतील. तिसरी गोष्ट, आत्यांना विचारलंस का? मी म्हटलं, त्यांनीच तुला विचारायला सांगितलं. रेश्मा आत्यांच्या पाठीकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने सोंड काढून दाखवली आणि हात पुढे ढकलला. गणपती झाल्यावर.

"काय म्हणाली?" आत्यांनी भिंतीलाच विचारलं.

"गणपती झाल्यावर."

"मग ठीक हाय. गणपती झाल्यावर."

पेणमध्ये गणपती होत नाहीत. अनंत चतुर्दशी झाली की चार दिवस झाडलोट, आणि मग पुढच्या वर्षीचे साचे निघतात. हे आत्यांना माहीत होतं, रेश्माला माहीत होतं. मला त्या वर्षी कळलं. कंपनीतली जागा दुसऱ्याला गेली. दोन वर्षांनी पुन्हा निघाली, पुन्हा तेच उत्तर. गेल्या मार्गशीर्षात तिसऱ्यांदा निघाली. या वेळी कंपनीच्या माणसाने सांगितलं, की भाद्रपदापर्यंत थांबतो, त्यानंतर नाही. मी रेश्माला तसं कळवलं. तिने मान हलवली. आई तिच्या खाटेवरची गादी नवीन करून घेऊन आली.

आषाढात आत्या गेल्याचा फोन दत्तारामने केला. "ताई, तुम्ही या. ती जेवत नाय." मी गाडी करून गेले. जाताना मोठी बॅग घेतली होती. अंत्यविधी भावांनी केला. कारखान्याचं काय होणार, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी मोठे भाऊ येऊन म्हणाले, की हंगाम होऊ दे, मग बघू. हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं.

ते गेल्यावर मी बॅग घेऊन सरळ आत जायला निघाले. दारात सलमा काठी आडवी धरून उभी होती.

"ताई, बाकड्यावर बसा. चहा सांगते."

"सलमा, अगं आत्या गेल्या. आता कसलं बाकडं?"

"आत काम चालू हाय," ती म्हणाली.

आत रेडिओ चालू होता. मी बाकड्यावर बसले. खिडकीतून रेश्मा दिसत होती. ती आत्यांच्या पाटावर नव्हती, स्वतःच्याच पाटावर होती, आत्यांच्या रिकाम्या जागेसमोर. डोळे सुजलेले. हात चालत होता. आखून झालेल्या मूर्तींची फळी तिच्यामागे होती. दत्ताराम चाचपडत बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला.

"सकाळी जेवली," तो म्हणाला. "सलमाने शिव्या घातल्या तेव्हा."

"मी तिला न्यायला आलेय, दत्ताराम."

"व्हय. बॅग पायाला लागली माझ्या."

"कंपनीची जागा अजून आहे."

"ताई, तुम्ही तिलाच विचारा. मी तोंड फिरवू का? मी फिरवलं काय आणि नाय काय." तो एकटाच हसला, आणि मग त्याने रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसलं.

रेश्मा बाहेर आली. तिने बॅग पाहिली. मी विचारायच्या आधीच तिने खूण केली. गणपती झाल्यावर. मी म्हटलं, या वेळी नक्की? तिने बॅग घेतली, आत नेली आणि तशीच खोलीवर ठेवायला सलमाकडे दिली. मी याचा अर्थ होकार असा धरला आणि घरी आईला तसं सांगितलं. कंपनीच्या माणसालाही फोनवर कळवलं.

श्रावणभर ती आली नाही. व्यापाऱ्यांच्या मागण्या पूर्ण झाल्या, असं दत्तारामने सांगितलं. हंगामात दोन नव्या मुली कामावर घेतल्या. एकीला ऐकू येत नाही. तिला आखणीला बसवली आहे, रेश्मासमोर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी रेश्मा आमचा गणपती मांडीवर घेऊन टेम्पोने आली. बरोबर ती मोठी बॅग होती. आईने दारातच बॅग घेतली आणि आतल्या खोलीत खाटेजवळ ठेवली. बॅग हलकी आहे, असं आई मला म्हणाली. चतुर्थीला मूर्ती मखरात बसवली. तिची नजर मोदकाकडे होती. आरतीला शेजारचे आले तेव्हा रेश्मा आईजवळ उभी राहून टाळ्यांचा ठेका बघून टाळ्या वाजवत होती. केसांत ब्रश होता. रात्री ती नव्या गादीवर झोपली. मी पाहून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिका नदीवर विसर्जन झालं. घरी आल्यावर रेश्माने बॅग उघडली. ती रिकामी होती. तिने कपाटातले आपले राहिलेले कपडे, शाल आणि जुनी पाटी त्यात भरली. आई बघत होती. मी विचारलं, कंपनीच्या माणसाला काय सांगू? ती बॅगची चेन लावत होती, हात मोकळे नव्हते.

रोह्याच्या स्टँडवर नागोठण्यामार्गे पेणला जाणारी गाडी लागलेली होती. मी तिला विचारलं, कुठे चाललीस?

तिने मनगट पूर्ण फिरवलं आणि गाडीकडे बोट दाखवलं.

गाडी वेळेवर सुटली. ती खिडकीशी बसली होती, कुंडलिकेच्या पुलाच्या बाजूला.